फितीचा हौद

कोल्हापुरात एका जुन्या पेठेच्या मागल्या अंगाला, दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत काळ्या दगडाचा एक कोरडा हौद आहे. पुरुषभर लांब, कमरेएवढा खोल. त्यात पाणी कुणी भरत नाही आणि कचराही कुणी टाकत नाही. आमच्याकडे यातलं दुसरं जास्त नवलाचं. त्याला फितीचा हौद म्हणतात. मुक्या चित्रांच्या काळात इथे एक फिल्म कंपनी होती, असे सांगतात. तिचं नाव प्रत्येक म्हातारा वेगळं सांगतो आणि आपलंच खरं म्हणून भांडतो, तेव्हा नावाचा नाद सोडावा. हौदाची गोष्ट मात्र सगळे एकच सांगतात.

कंपनीला छप्पर नव्हतं. वर पांढरं कापड ताणायचं आणि त्यातून गाळून आलेल्या उन्हात देव, दानव, राजे उभे करायचे. चित्र टिपून झालं की फीत धुवायची, मग रंगवायची. रात्र दाखवायची असली तर निळी, आग लागली तर तांबडी. या कामाला मालकांनी केरबा रंगारी शोधून आणला. लुगडी रंगवण्यात त्याचा हात धरणारा पेठेत कुणी नव्हता. अक्षरओळख नव्हती, पण कुठलं कापड कुणाचं यात तो कधी चुकला नाही. रंगाऱ्याच्या रीतीनं टोकाला खुणेचा दोरा बांधला, की झालं.

केरबाची बायको हौसा, आणि त्यांची एकुलती लेक अंबू, सहा वर्षांची. एका चित्रात राजकन्येचं लहानपण दाखवायचं होतं. चांगल्या घरची लेक तेव्हा कोण पाठवणार? राण्यांची कामंसुद्धा मिशा काढून पुरुषच करत. पण सहा वर्षांच्या पोरीसाठी मिशी कुणाची काढायची! मालकांनी अंबूला मागितलं. हौसानं तिची वेणी घातली, दृष्ट काढली आणि पाठवली.

पोरगी कॅमेऱ्यासमोर मान खाली घालून बसली. काही केल्या हसेना. शेवटी केरबाला हातातलं काम टाकून बोलावलं आणि कॅमेऱ्याच्या शेजारी उभं केलं.

"अंबे, हिकडं बघ की गं," तो म्हणाला.

बापाचे कोपरापर्यंत निळे झालेले हात पाहून ती खुदकन हसली. कपाळावरची बट मागे सारली आणि ओंजळीतली फुलं त्याच्या अंगावर फेकली. तेवढंच चित्र निघालं.

त्याच साली साथ आली. कुणी मानमोडी म्हणतात, कुणी प्लेग. अंबू तीन दिवसांत गेली. घरात तिचा फोटो नव्हता. गरिबाच्या घरी तेव्हा कुणाचाच नसे. हौसानं अन्नपाणी सोडलं.

तेव्हा मालकांनी तिला कंपनीत बोलावलं, अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसवलं आणि ते रीळ लावलं. अंबू आली. हसली, बट मागे सारली, फुलं फेकली. ती झेलायला हौसानं पदर पसरला, म्हणे. यंत्र फिरवणाऱ्यालाही रडू आवरेना.

मालक म्हणाले, "हौसाबाई, गौरीला सगळ्यांच्या लेकी माहेरी येतात. तुमचीही येईल."

आणि बारा गौरी ती आली. दरवर्षी हौसा पुरणपोळीचं ताट घेऊन कंपनीत जायची आणि वाटीभर दूध प्यायला लागेल तेवढा वेळ लेकीला बघून यायची. तिचे स्वतःचे केस पिकत चालले, पोर सहाचीच राहिली. याचं तिला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं. रिळाचा डबा ओळखू यावा म्हणून केरबानं त्याला तांबडा नाडा बांधून ठेवला होता. हे त्यानं बायकोला कधी सांगितलं नाही. कामातल्या खुणा घरी कोण सांगतं?

मग चित्रं बोलू लागली आणि मुक्यांकडे कुणी फिरकेना. कंपनी मोडली. शेवटच्या खंडेनवमीला मालकांनी यंत्रं, आरसे आणि दोनशे डबे अंगणात मांडून पूजा करायला सांगितलं. हौसा हळदकुंकू आणि नाड्याचं भेंडोळं घेऊन आली. एका डब्याला नाडा आधीच दिसला, तेव्हा कुणीतरी पूजेला सुरुवात केली असं समजून तिनं राहिलेल्या एकेका डब्याला नाडा बांधला.

"समद्यांत कुणा ना कुणाचं मानूस हाय," ती म्हणाली. केरबा तेव्हा आत यंत्र पुसत होता.

दिवाळीनंतर फिती घेणारा व्यापारी आला. सोड्याच्या गरम पाण्यात फीत धुतली की चित्र निघून जातं, चांदी गाळात बसते आणि उरलेल्या स्वच्छ पट्टीच्या बांगड्या करतात. मालकांनी केरबाला सांगितलं, "तुझा डबा आधी काढून घे. तो तुझाच आहे. बाकीच्या फिती धुऊन दे."

केरबा कोठीत गेला. दोनशे डबे, दोनशे तांबडे नाडे. वरच्या चिठ्ठ्या ओलीनं कधीच गळून गेल्या होत्या आणि डब्यांचा माहितगार कारकून गाव सोडून गेला होता.

त्यानं एकेक डबा उघडला. शेकडो हात लांब फीत, तीवर नखाएवढी चित्रं; अंबूची त्यात जेमतेम दहा-बारा हात, कुठे ते कुणाला ठाऊक. सुरुवात उन्हात धरायची, मध्य बघायचा, शेवट बघायचा आणि हौदात सोडायची. सोड्याच्या वाफेनं डोळे आधीच अधू झालेले, त्यातून पाणी गळत होतं. व्यापाऱ्याची गाडी दारात उभी. असे तीन दिवस गेले. शेवटचा डबा उघडला, त्यातही अंबू नव्हती. हौदातलं पाणी तोवर काळंभोर झालं होतं.

हौसा भाकरी घेऊन आली. "आपला डबा कुटं हाय?"

"गेला गं. त्येला नाडा बांधला हुता मी. त्या एकट्यालाच."

हौसा आपल्या हातांकडे बघत राहिली.

"तू पुजाच केलीस. पाप न्हवं ते," केरबा म्हणाला. पण तिला ते ऐकू गेलं नसावं.

पुढच्या वर्षी त्या बांगड्या कोल्हापुरात आल्या. धुण्यातून एखादी सावली चुकून राहते, असं कुणीतरी हौसाच्या कानावर घातलं. ती हौदाच्या काठावर येऊन बसू लागली. येणाऱ्याजाणाऱ्या बाईला म्हणायची, "बांगडी उनात धर गं बाई. माजी अंबू दिसती का बघ."

पहिल्या दिवशी एकीनं बघून सरळ सांगितलं, "न्हाई मावशी, काय सुदीक न्हाई." हौसा दोन दिवस उठली नाही. नको तिथे खरं बोलण्याची फळं ही अशी.

त्यानंतर गल्लीतल्या बायकांनी आपसांत ठरवलं. बांगडी उन्हात धरायची, घटकाभर मन लावून बघायचं आणि मग सांगायचं, "अजून बघतोय, मावशी." केरबा गेला, मालक गेले. हौसा त्या एका वाक्यावर चौदा वर्षं जगली, असे सांगतात.

आजही या गल्लीत काच असो की प्लास्टिक, नवी बांगडी हौदापाशी उन्हात धरल्याशिवाय कुणी हातात भरत नाही. काल लग्न होऊन आलेली सूनही धरते. तिला ना कंपनी ठाऊक, ना अंबू. काठावर कुणी बसलेलंही नसतं. तरी ती डोळे बारीक करून बघते, आणि हलक्या आवाजात सांगते, "अजून बघतोय, मावशी."