बुटाची नाडी

“मग निघताना तो ‘जातो’ का म्हणाला?”

जयवंत निगुडकरांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. मठाच्या ओसरीवर अप्पाबुवा पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते.

“आपल्याकडे माणूस ‘येतो’ म्हणून निघतो, बुवा. लहान पोरालाही कळतं हे. माझा मुलगा मात्र ‘जातो’ म्हणाला आणि गेला. तीन वर्षं झाली.”

“आणि आता?”

“रविवारी लग्न आहे त्याचं. पत्रिका आली ती माझ्या बायकोच्या नावाने. ती जाणार आहे. मी जावं की नाही, तेवढं सांगा.”

बुवांनी ते काही सांगितलं नाही. त्यांना भलतंच कुतूहल होतं.

“तू लोकांना काय शिकवतोस म्हणालास?”

निगुडकर सावरून बसले. विषय आवडीचा निघाला होता. मनाला वळण लावण्याची शिबिरं ते वीस वर्षं घेत होते, आणि समोरचा माणूस वही भरल्याशिवाय उठत नाही, असं ते स्वतःच सांगत.

“मुळातल्या गोष्टी तीनच,” ते म्हणाले. “आपल्या डोक्यात असतो तो जगाचा नकाशा, जग नव्हे. आपण काय बोललो याला फारसा अर्थ नाही, समोरच्यापर्यंत काय पोचलं ते खरं. आणि माणूस कितीही वेडंवाकडं वागला, तरी त्यामागे त्याचा काहीतरी चांगला हेतू असतोच.”

बुवांचे हात थांबले.

“कितीही वेडंवाकडं?”

“कितीही.”

“छान आहे रे हे!” बुवांना खरंच मौज वाटली होती. “मग त्या ‘जातो’मागे कोणता हेतू होता?”

निगुडकरांनी सदऱ्याची बाही सारखी केली.

“सांग की.”

“तो अपवाद आहे.”

“असं होय.”

बुवांनी दोन शेंगा सोलल्या. एक दाणा घरंगळत गेला, तो उचलून पुन्हा ताटात टाकला.

“भांडण कशावरून झालं?”

“बँकेतली चांगली नोकरी सोडून मधमाश्या पाळायच्या होत्या त्याला. मी चार गोष्टी समजावून सांगितल्या. त्याने बॅग भरली.”

“मग?”

“मग काय... दारात बसून बूट घालत होता. साधी नाडी ती, पण बांधायला दहा मिनिटं लावली त्याने. बांधायची, सोडायची, परत बांधायची. पहिल्यापासून वेंधळाच! शेवटी उठला आणि म्हणाला, ‘जातो.’”

“तू काय म्हणालास?”

“मी पेपर वाचत होतो.”

बुवांनी मान डोलावली आणि शेंगांचं सूप जवळ ओढलं. त्यानंतर ते बोलेचनात.

निगुडकर खाकरले.

“बुवा, मी जावं का लग्नाला?”

शेंग उकलल्याचा तेवढा आवाज.

“बुवा...”

बुवांनी मानसुद्धा वर केली नाही.

निगुडकरांचा पारा चढला. शिबिरात माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची, आणि इथे त्यांना पावट्याइतकीही किंमत नव्हती.

“पाच तास एसटीत बसून आलो मी! माझ्या घरचा प्रश्न आहे, आणि तुम्हाला शेंगा महत्त्वाच्या? राहू द्या. जातो मी.”

बोलले आणि ताडकन उठले.

पायरीवर बसून त्यांनी बूट चढवले. उजव्या पायाची नाडी बांधली. सैल वाटली, म्हणून सोडली. पुन्हा बांधली. मग डाव्या पायाची घेतली. ती बांधली, सोडली, टोकं सारखी केली. इतका राग आला होता, तरी पाय काही पायरीवरून उतरत नव्हते. त्यांना फार वाईट वाटत होतं.

मागे शेंगा सोलल्याचा आवाज थांबला.

“जयवंता...”

निगुडकर झटकन वळले. नाडी हातातच होती.

“मुलगा किती वेळ बूट घालत होता म्हणालास?”