दोन ठोके

फार मागं पाखरांची विद्यापीठं झाडांवर भरायची. प्रत्येक झाडाला एक सुतारपक्षी असायचा. खोड ठोकून आत कुठं पोकळ झालंय ते तो सांगायचा. वर्षातून एकदा सगळ्या सुतारांची सभा भरे. नियम एकच, आपलं झाड दुसऱ्यानं ठोकायचं. रोजच्या सवयीनं आपली पोकळी आपल्याच कानाला कळत नाही.

पुढं हे सुतार मेले आळसावले. सभेला न येता आपल्याच झाडावरून दोन ठोके द्यायचे. दोन ठोके म्हणजे सगळं ठीक.

एका वर्षी सभेच्या खडकावर एकटी भिवरा सुतारीण आली. बाकीच्या सातही झाडांतून ठोके आले, अगदी एका तालात.

"अरे, तोंडं तरी दाखवा!" ती ओरडली आणि धोंडूअण्णा सुताराच्या झाडावर गेली. ढोलीत अण्णाची नुसती वाळकी पिसं होती. ठोके मात्र खोडाच्या आतून चालूच होते. तिनं साल उचकटली. आत वाळवी खच्चून भरली होती आणि एकदम डोकी आपटत होती.

वर पिल्लांचा धडा चालला होता. "उडा रे पोरांनो!" भिवरानं सगळ्यांना आपल्या झाडावर नेलं. "इथं बसा निवांत. हे मी रोज स्वतः ठोकते."

पिल्लं बसली.

त्यांच्या पायांखालून दोन ठोके आले.