चिमाईचा होकार

“यातला ‘आनंदाने’ हा शब्द कोणाचा?”

या प्रश्नापासून सुरू होणाऱ्या कथेची चार रूपे मला माणदेशात मिळाली. कीर्तनातल्या रूपात मुलगा मठाला दिलेली म्हातारी गुरूंच्या पाया पडते. मठाच्या छापील चरित्रात कथा गळून गेली आहे आणि ज्याच्यावरून वाद झाला ते वाक्य तेवढे उरले आहे: ‘मातेने पुत्र आनंदाने अर्पण केला.’ अलीकडे मुलाखततंत्राच्या कार्यशाळांत सांगितले जाणारे रूप तर इतके निरुपद्रवी करून टाकले आहे, की त्यातून ‘सूचक प्रश्न टाळावेत’ एवढीच सूचना हाती लागते. या तिन्ही रूपांत म्हातारी स्वतःहून एक शब्द बोलत नाही, आणि सांगणाऱ्यांपैकी कोणालाही त्याची लाज वाटलेली नाही. चौथे रूप घोंगड्या विणणाऱ्या सणगरांच्या बायका सांगतात. ते असे.

थोरल्या महाराजांच्या पश्चात गोविंदबाबा मठाच्या गादीवर आले. पोथीसाठी महाराजांच्या आठवणी गोळा करण्याचे काम त्यांनी विश्वंभर नावाच्या शिष्यावर सोपवले. विश्वंभर न्यायशास्त्र शिकलेला. अकरा दिवसांत बेचाळीस माणसांना प्रश्न विचारून, सगळ्यांची उत्तरे लिहून तो परतला. गुरूंचे बोट त्यांतल्या एका पानावर ‘आनंदाने’ या शब्दाशी थांबले होते.

“शब्द माझा,” विश्वंभर म्हणाला. “आशय चिमाईचा. घोंगड्या विणते ती.”

“ती काय म्हणाली?”

“‘हो’ म्हणाली.”

“कशाला?”

“मी विचारलं, महाराजांनी तुमचा मुलगा मठासाठी मागितला, तेव्हा तुम्ही आनंदानेच दिलात ना?”

“तू कुठे होतास?”

“उंबऱ्यात. उभा.”

“आणि ती?”

“मागावर चढवायच्या लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावत होती. ‘खळ वाळतेय, मागाहून या,’ असं दोनदा म्हणाली. ते मी लिहिलं नाही. विषयाला सोडून होतं.”

“प्रश्न ऐकून तिचा हात थांबला?”

“...थांबला.”

“किती वेळ?”

“कोण मोजतो, बाबा? मीच पुन्हा म्हणालो, ‘दिलात ना?’”

“म्हणजे न्यायशास्त्र वाया गेलं नाही. एका म्हातारीला वादात हरवून आलास.”

विश्वंभराचे कान लाल झाले. “अकरा दिवस उन्हातून पायपीट केली. बेचाळीस जणांनी उत्तरं दिली. एकाचीही तक्रार नाही. आणि दोष माझा?”

गुरूंनी कोरे पान पुढे ओढले, लेखणी शाईत बुडवली.

“रागावला नाहीस ना?”

...

“नाही ना?”

“नाही.”

गुरूंनी लिहिले आणि मोठ्याने वाचले. “‘शिष्याने आपला दोष आनंदाने स्वीकारला.’ उद्या हे पोथीत जाईल.”

“हे खोटं आहे!” विश्वंभर ओरडला. “मी असं म्हणालोच नाही! तुम्ही समोर बसून विचारता, मी दुसरं काय बोलणार होतो?”

गुरूंनी लेखणी खाली ठेवली.

विश्वंभर खाली बसला.

“तो मुलगा मी,” गुरू म्हणाले. “आठ वर्षांचा होतो. महाराजांची घोडी वळणापलीकडे जाईपर्यंत ती मागे धावत होती. तेवढं मी पाहिलं. पुढचं मला माहीत नाही. या मठात कोणालाच माहीत नाही.” त्यांचा आवाज चढला. “आणि तू तिच्या तोंडात ‘आनंदाने’ कोंबून ते कायमचं बुजवायला निघालास!”

“मग... विचारू तरी काय?”

“तुझं विचारून झालं आहे. आता नुसता जा.”

विश्वंभर पुन्हा सणगरवाड्यात गेला. चिमाईने मान वर केली.

“आलं का मठाचं शास्त्री पुन्यांदा! आता काय कबूल करायचं ऱ्हायलंय?”

त्याने उत्तर दिले नाही. खळीचा कुंचा उचलून तो ताण्याच्या दुसऱ्या टोकाला गेला.

“अवो, लोकर हाय ती! देवाला गंध लावल्यागत काय करताय? जोर लावा जरा.”

चार दिवस ती त्याला खळीवरून झापत होती. पातळ झाली, गुठळ्या राहिल्या, कुंचा उलटा फिरला. महाराजांचे नाव कोणीच काढले नाही. पाचव्या दिवशी तिचा हात थांबला.

विश्वंभर गप्प राहिला...

खळ वाळून गेली. तरी तो गप्प राहिला.

मग ती बोलली.

तो मठात परतला तेव्हा गुरूंनी आधी त्याचे हात पाहिले. ते रिकामे होते.

“लिहून आणलं नाहीस?”

“हात खळीने भरले होते. पण शब्दन् शब्द पाठ आहे.”

“सांग.”

“बाबा, ते तुम्हालाच आहे...”

“सांग म्हटलं ना.”

विश्वंभराने डोळे मिटले आणि तिच्याच बोलीत सांगितले.

“‘त्येला म्हणावं, त्या दिशी मला कुनी इचारलंच न्हवतं. त्येच्या बानं न्हाई, म्हाराजानं न्हाई. मी मागनं पळाले ती पोरगं वडून घ्यायला पळाले, पाया पडायला न्हाई. आन् आता पोथी लिवायची तर ह्यो मानसं धाडतोय. चाळीस वर्सं मी तीन कोसांवर हाय. त्येला पाय न्हाईत व्हय?’”

...

 

“काय लिहू, बाबा?”

“तिचा प्रश्न तिच्या शब्दांत लिही,” गुरू म्हणाले. “आणि खाली लिही: गोविंदबाबांनी उत्तर दिलं नाही.”

विश्वंभराने तसे लिहिले.