श्रीरंगचा उजवा हात

"कुठलं आसन, आत्या? तेवढं एकच सांगा."

"जेवलास का?"

"आत्या…"

"सकाळच्या एस.टी.ने आलास. म्हणजे जेवलेला नाहीस."

श्रीरंग पायरीवर बसून होता. उजवा हात डाव्या काखेत घट्ट दाबलेला. अंगणात वैशाखातलं ऊन आणि त्या उन्हात अनूआत्या तट्ट्यावर आमसुलं पसरत होत्या. मनगटापर्यंत हात लालभडक झालेले.

अनूआत्या तशा कुणाच्याच आत्या नव्हत्या. पण संगमेश्वराकडच्या त्या वाडीत लहानथोर सगळे त्यांना आत्याच म्हणत. ऐंशीला टेकल्या होत्या. अंगणातल्या मांडवाखाली त्या योग शिकवत. शिकवत म्हणजे काय, तर येईल त्याला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, काय दुखतंय ते ऐकून घ्यायचं, आणि मग त्याच्या अंगाला झेपेल तेवढंच काहीतरी करायला सांगायचं. कुणाला नुसतं गुणगुणायला सांगत. कुणाला भिंतीला पाय लावून पडायला.

श्रीरंग एकोणीस वर्षांचा असताना दम्याने धापा टाकत इथे आला होता. दोन पावसाळे राहिला. परत गेला तो मयूरासन करून दाखवणारा गडी होऊन.

पुढे नाशिकला त्याने वर्ग काढला. हॉल भरून माणसं येऊ लागली. बाहेरच्या पाटीवर त्याचा फोटो होता, दोन तळव्यांवर अख्खा देह आडवा तोललेला. लोक त्याला गुरुजी म्हणत आणि त्याला ते आवडे.

एकदा तो आत्यांना म्हणालाही होता, "तुम्ही लोकांना अर्धंच शिकवता, आत्या."

आत्या हसल्या होत्या. "कुणाकुणाचं अर्ध्यातच पोट भरतं रे."

त्याला ते काही पटलं नव्हतं.

आणि आज तो न कळवता येऊन पायरीवर बसला होता. आल्यापासून एकच प्रश्न विचारत होता.

आत्यांनी हात पदराला पुसले आणि त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हात दाखव."

तो हलला नाही.

"मी काय खाणार आहे का तुझा हात?"

श्रीरंगने हात काखेतून काढला. मांडीवर ठेवला. क्षणभर हात गप्प होता. मग अंगठा बोटावर घासू लागला, आत बसून कुणी विडी वळत असावं तसा. मनगट थरथरलं. त्याने डाव्या हाताने ते आवळलं, तर थरथर कोपरापर्यंत चढली.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. डॉक्टर कंपवात म्हणाले."

"गोळ्या दिल्यात?"

"दिल्यात."

"घेतोस?"

"घेतो. पण गोळ्यांनी जाणार नाही, म्हणाले. वाढू नये म्हणून सांभाळायचं." त्याने मान वर केली. "म्हणून तुमच्याकडे आलो. तुम्ही माझा दमा घालवला होता. हे घालवणारं आसन सांगा. कितीही कठीण असू दे. मी करेन."

आत्या त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"घरी माहीत आहे?"

"नाही."

"बायकोला? मृणालला?"

"नाही म्हटलं ना." आवाज जरा चढला. त्याचा त्यालाच कळला. "ती विचारते. मी म्हणतो, ताण आहे. परवा भाचीच्या लग्नात फोटो काढताना तिने माझा हात धरला… मी झटकन ओढून घेतला. चारचौघांत. ती तशीच उभी राहिली, रिकामा हात घेऊन."

अंगणातल्या माडावरून एक झावळी सुटली आणि सरसरत खाली आली. दोघांनीही तिकडे पाहिलं. पाहायला काहीतरी मिळालं म्हणून श्रीरंगला बरं वाटलं.

"आणि वर्ग?"

"बंद केला."

"का?"

त्याने हात पुन्हा काखेत घातला.

"ताडासन दाखवत होतो. हात वर ताणलेले. आणि बोटं थरथरायला लागली. पहिल्या रांगेत आमचे कुलथे आजोबा असतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तेही बोटं हलवायला लागले. मग शेजारच्या बाई. मग सगळी रांग. मग मागची. अख्खा हॉल हात वर करून बोटं हलवतोय. त्यांना वाटलं, गुरुजी आज नवीन काहीतरी शिकवताहेत…"

आत्यांनी पदर तोंडाला लावला.

"हसा. हसा तुम्ही."

"हसू येतंय रे. काय करू!" त्यांचे डोळे पाण्याने भरले होते. "मग तू काय केलंस?"

"काय करणार? म्हटलं, छान. आता थोडं जलद."

आत्या खळखळून हसल्या. श्रीरंगच्याही ओठांवर हसू आलं. इतक्या महिन्यांनी आलं होतं आणि आलं तसं मध्येच मोडलं. त्याने तोंड फिरवलं.

"दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप लावलं," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

आत्यांनी त्याला आत नेलं, भात आणि कुळथाचं पिठलं वाढलं. तो डाव्या हाताने जेवला. आत्यांनी ते पाहिलं आणि ताक वाढलं. जेवण झाल्यावर त्यांनी मांडवाखाली सतरंजी अंथरली.

"पडून दाखव."

"म्हणजे?"

"शवासन."

श्रीरंगचा चेहरा उतरला. एवढ्या लांबून आला तो याच्यासाठी?

"आत्या, मी तीस वर्षं शवासन शिकवतोय."

"शिकवतोस. पडतोस का?"

त्याने सतरंजीकडे पाहिलं.

वर्गात शेवटी सगळे आडवे होत तेव्हा तो रांगांमधून फिरत असे. कुणाचे खांदे ओढलेले, कुणाची टाच वळलेली, ते नीट करत. खर्जातल्या आवाजात म्हणत, सोडून द्या… सगळं सोडून द्या. त्या आवाजाची लोक तारीफ करत. आपण स्वतः शेवटचे कधी पडलो होतो, ते त्याला आठवेना.

तो सतरंजीवर पडला. पडला तोही एखाद्या पुस्तकातल्या चित्रासारखा. पायांत अंतर, तळवे आकाशाकडे, हनुवटी किंचित आत. कुठे बोट दाखवायला जागा नाही.

फक्त उजवा हात सतरंजीवर टकटक करत होता. त्याने तो हळूच मांडीखाली सरकवला.

"काढ बाहेर."

"आवाज होतो, आत्या."

"होऊ दे. मला ऐकू कमीच येतं."

आत्या सावकाश, गुडघ्यावर हात ठेवत त्याच्याजवळ बसल्या. एक जुनं लुगडं घडी करून त्यांनी त्याच्या डोक्याखाली सारलं.

"शवासनात उशी घेत नाहीत," श्रीरंग म्हणाला.

"बरं."

त्यांनी दुसरी घडी केली, ती गुडघ्यांखाली.

"आत्या, हे असं…"

"तुझ्या पाटीवरच्या फोटोला घेऊ नको म्हणावं. तू घे."

कमरेत काहीतरी सैल झालं होतं. तिथे दुखत होतं हे त्याला आत्ता कळलं.

मग आत्यांनी त्याचा उजवा हात उचलला. डॉक्टरांनी उचलला होता त्याहून वेगळा. घाई नव्हती, आणि तपासायचं काही नव्हतं. तो त्यांच्या तळव्यात फडफडत राहिला. त्यांनी तो तसाच फडफडता त्याच्या पोटावर ठेवला.

"आता डावा त्याच्यावर ठेव."

त्याने डाव्या हाताने उजवा दाबून धरला.

"धरू नकोस. ठेव."

"ठेवला तर थांबणार नाही."

"थांबवायला कोण सांगतंय? सोबत म्हणून ठेव."

श्रीरंगने बोटं सैल केली. उजवा हात डाव्याखाली हलत राहिला. श्वासाबरोबर दोन्ही हात वर जात होते, खाली येत होते.

"रंगा, तू रोज याला काय म्हणतोस?"

"कुणाला?"

"हाताला."

"थांब म्हणतो."

"ऐकतो?"

"जास्तच हलतो."

"मी ओरडले असते तर तूही हललाच असतास. एकोणीस वर्षांचा होतास. रात्रंदिवस खोकायचास. मी कधी म्हटलं, खोकू नकोस?"

"नाही."

"काय म्हणत होते?"

श्रीरंगने डोळे मिटले. "खोकून घे. मग पेज पी… असं म्हणायचात."

श्रीरंगच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी निघालं आणि कानात उतरलं. आत्यांनी पदराच्या टोकाने कान पुसला, लहान पोराचा पुसावा तसा. आधी हा, मग तो.

"मी आता लोकांना काय दाखवू, आत्या?" त्याने विचारलं.

त्या उत्तर देणार इतक्यात फाटक वाजलं.

मासे विकून परतलेली जैतूनबी होती. दुपारी घरी जाताना ती आत्यांकडे थांबे. डोक्यावर माशांची पाटी वाहून मान आणि पाय दोन्ही भरून येत. तिने रिकामी पाटी कुंपणाशी ठेवली, आतून लाटणं आणलं, खांबाला टेकून बसली आणि लाटण्यावर एक पाऊल पुढेमागे फिरवू लागली. आत्यांनी तिला एवढंच सांगितलेलं होतं आणि ते ती वर्षानुवर्षं करत होती. श्रीरंगने एके काळी याला योग म्हणायचं नाकारलं होतं.

"कोण गं हा?" जैतूनबीने हलक्या आवाजात विचारलं.

"माझा रंगा. नाशकाचा."

"आजारी आहे?"

श्रीरंगने डोळे आणखी घट्ट मिटले. आत्या आता ते नाव घेतील. वाडीभर होईल.

"दमलाय," आत्या म्हणाल्या.

"हां…" जैतूनबी म्हणाली. "मग झोपू दे त्याला."

आणि तिने आवाज होऊ नये म्हणून लाटण्याखाली पदर घातला.

दमलाय. श्रीरंगला तो शब्द पुन्हा ऐकावासा वाटला. गेल्या सहा महिन्यांत त्याने स्वतःला कितीतरी नावं ठेवली होती. ढोंगी. निकामी. पाटीवरचा फोटो. हे एवढं साधं त्याला सुचलं नव्हतं. आपण दमलोय. दमलेल्या माणसाला कुणी काही दाखवायला सांगत नाही.

लाटणं सावकाश फिरत होतं. आमसुलांचा आंबट वास येत होता. डाव्या हाताखाली उजवा हात आपल्या नादात हलत होता आणि पहिल्यांदाच श्रीरंग त्याला काही बोलला नाही…

जाग आली तेव्हा ऊन मांडवाच्या खांबांवरून उतरून सतरंजीच्या कडेला आलं होतं. अंगावर आत्यांचं एक जुनं लुगडं होतं. जैतूनबी निघून गेली होती. आत्या मात्र जिथे होत्या तिथेच, त्याच्या उशाशी, मांडी घालून बसल्या होत्या. आमसुलं उलटायची राहून गेली होती.

"किती वेळ झोपलो?"

"पुरेसा."

तो उठून बसला. हात हलत होता. त्याने तो काखेत घालायला उचलला, मग तसाच मांडीवर राहू दिला.

डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट त्याला आठवत होती. गाढ झोपेत ही थरथर थांबते. घरी तो खरं-खोटं करायला कुणाला विचारणार होता? विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं. आता प्रश्न ओठांवर आला, पण त्याआधी त्याला दुसरंच एक काम आठवलं.

त्याने मृणालला फोन लावला.

"कुठे आहेस तू?" पलीकडून आवाज आला. "वर्गाची माणसं घरी येऊन गेली. कुलथे आजोबा विचारत होते, ती बोटांची क्रिया दिवसातून किती वेळा करायची."

श्रीरंग हसला. मध्ये न मोडता हसला.

"मी आत्यांकडे आहे. मृणाल… तू येशील इकडे? उद्या?"

"काय झालंय?"

"सांगतो. आलीस की सांगतो. त्या दिवशी लग्नात मी हात ओढून घेतला ना… तेही सांगतो."

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "पहिल्या गाडीने निघते."

आत्यांनी चहा आणला. पितळी पेल्यात, काठोकाठ. श्रीरंगने पेला उजव्या हाताने घेतला. चहा हिंदकळला, थोडा सदऱ्यावर सांडला, थोडा सतरंजीवर. त्याने आत्यांकडे पाहिलं. त्या आपला चहा फुंकत होत्या. उरलेला तो प्यायला.

त्याने पेला खाली ठेवला. मग लहान मुलाने बक्षिसाचं विचारावं तसं, नजर चुकवत, त्याने विचारलं.

"आत्या, तुम्ही इथेच बसून होता ना? मी झोपलो होतो तेव्हा… हात थांबला होता?"

आत्यांनी पेल्यातला शेवटचा घोट घेतला.

"हाताकडे कुठे बघत होते मी, रंगा? मी तुझ्याकडे बघत होते."