पापणीचा होकार

एक होती राणी. चंपावती तिचं नाव. बोलण्यात मोठी पटाईत, बरं का. तिच्या लग्नात राजा उखाणाच विसरला. भरल्या मांडवात नुसता घाम पुसत उभा. तेव्हा हिनंच त्याच्या कानात हळूच सांगितला. ही गोष्ट त्या दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. आता तुम्हाला कळली, तर कुठे बोलू नका.

मग एकदा काय झालं, राणीच्या अंगावरून वारं गेलं. हात हलेना, पाय हलेना, तोंडातून शब्द फुटेना. राजवैद्यानं लेप लावले, धुरी दिली, तेल चोळलं. मग म्हणाला की शरीर आहे, पण आत राणी नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. शहाण्या माणसानं सांगितलं की आपण डोलावतोच. सहा महिने दासी तिला न्हाऊ घालत, पेज भरवत, पण बोलत मात्र एकमेकींशीच. राजा दारातून बघे, डोळे पुसे आणि निघून जाई. राणीला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. सांगता तेवढं येत नव्हतं. फार हाल झाले हो तिचे.

शेवटी ठरलं, राणीला रानातल्या जुन्या महालात कायमचं ठेवून यायचं. पण सवाष्ण बाई घर सोडून निघायची तर हातात नव्या बांगड्या हव्यात, असा त्या घरचा रिवाज. म्हणून बोलावलं हौसा कासारणीला.

हौसाला अक्षर वाचता येत नव्हतं. पण चाळीस वर्षं बांगड्या भरलेली बाई ती. कासारीण हाताकडे बघत नाही, बरं का. हात तिच्या बोटांना कळतो. ती बघते डोळ्यांकडे. कारण नव्या नवऱ्या लाजतात, दुखलं तरी बोलत नाहीत, पण पापणी लगेच सांगते. हौसानं राणीचा हात दाबून बांगडी चढवली, आणि राणीची पापणी गच्च मिटली. हौसा थांबली.

"दुखलं का, राणीसाहेब? दुखलं असेल तर एकदा मिटा, नसेल तर दोनदा."

पापणी एकदा मिटली. मग हौसानं हिरवी बांगडी दाखवली, ही हवी का? दोनदा. लाल दाखवली. दोनदा. मोरपिशी दाखवली. एकदा, दाबून.

हौसा बांगड्या तशाच टाकून राजाकडे धावली. वैद्य तिथंच होता, तो हसला. म्हणाला, पापणी काय, सगळ्यांचीच लवते. हौसा म्हणाली, "महाराज, लवणं वेगळं नि दाबून मिटणं वेगळं. तुम्हीच विचारून बघा."

मग राजा आला आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा राणीजवळ बसला. त्यानं विचारलं, लग्नात मला उखाणा कुणी सांगितला, माझ्या बहिणीनं? दोनदा. भटजींनी? दोनदा. "मग तू?" पापणी एकदा मिटली आणि डोळ्यांतून पाणी ओघळलं. राजाही रडला, सगळ्यांसमोर. वैद्यानं हौसाला हात जोडले. तेवढा शहाणा होता तो.

रानातला महाल राहिला बाजूला. राजा मुळाक्षरं म्हणायला बसला. आधी एकेक ओळ सांगायची, क-ची, च-ची, ट-ची. राणी डोळा मिटेल ती ओळ धरायची, मग तिच्यातलं एकेक अक्षर म्हणायचं. हौसाची नजर पापणीवर. सगळा दरबार दाराशी जमला, राणी आता काहीतरी मोठं सांगणार म्हणून. बऱ्याच वेळानं पहिला शब्द झाला, 'माशी'. जी राणी कधी नाकावर माशी बसू द्यायची नाही, तिच्या नाकावर सहा महिने माशी बसत होती, बाळांनो. मग दासींनी पंखे घेतले. दुसरा शब्द झाला, 'मीठ'. पेज अळणी होती आणि कुणी चाखलीच नव्हती.

मग राजा म्हणाला, अजून काय हवं ते माग, राज्य माग. राणीचे डोळे दमले होते. तरी तिनं अक्षराला अक्षर जोडलं. हौसाला कळावं म्हणून राजानं ते मोठ्यानं म्हटलं.

"माझ्याशी बोला."

त्या दिवसापासून राजा रोज तिच्याजवळ बसून बोलू लागला. लग्नात तिनं त्याला शब्द दिले होते, आता तो तिचे शब्द म्हणू लागला. राणी पुन्हा चालली नाही, हं. पण तिच्या पापणीला विचारल्याशिवाय राज्यातला एकही निवाडा झाला नाही. हौसानं गावोगावच्या कासारणींना डोळे वाचायला शिकवलं आणि सगळी सुखानं राहिली.

आता झोप आली का? बोलू नका. आली असेल तर डोळे मिटा. एकदाच, दाबून.