घुशीची ज्वारी

माणसांच्या आधी प्राणीच शेती करत होते, त्या काळातली ही हकीकत. टेकडीखाली एक घूस राहायची. सगळ्यांच्या वावरांत सांडलेली ज्वारी वेचून ती बिळात साठवायची आणि पेरणीच्या तोंडावर भुईमुगाच्या शेंगांच्या बदल्यात बियाणं म्हणून द्यायची.

त्या वर्षी कावळ्याने बातमी आणली, "नदीपलीकडे टोळधाड आली होती. तिकडे बियाणं उरलं नाही." घुशीने भाव दुप्पट केला. मग साळुंकी म्हणाली, "तिकडचे ससे ज्वारी शोधत इकडे निघालेत." तेव्हा घुशीने बिळाचं तोंडच बुजवलं.

खार बाहेरून विनवू लागली, "मावशी, जमिनीतली ओल उडत चाललीय. माझ्याकडे आहेत तेवढ्या शेंगा घे, पण थोडं बियाणं दे."

"थांब जरा. भाव कुठवर चढतो ते बघू दे," घूस आतून म्हणाली.

खार निघून गेली. मग कोणीच येईना, तेव्हा घूस बाहेर आली. वावरं मोकळी पडली होती.

"घूसबाई, नशीब काढलंत," कावळा फांदीवरून म्हणाला. "यंदा कोणी पेरलंच नाही. पुढच्या वर्षी तुम्ही मागाल तो भाव मिळेल."

घूस सुखावली. मग वावराकडे बघत तिने हळूच विचारलं, "पण पुढच्या वर्षी मी वेचू कुठून?"

घुशीने माती उकरून पाहिली. खाली अजून थोडी ओल होती. ती बिळात शिरली आणि तोंडात मावेल तेवढी ज्वारी घेऊन खारीच्या वावराकडे धावत सुटली. बदल्यात किती शेंगा मागायच्या, हे ठरवायचं राहूनच गेलं.