पेशन्स कुणाचा, पेशंट्स कुणाचे

डॉक्टर सबनीस तालुक्यात नावाजलेले, पण इंग्रजीचा त्यांना भारी तोरा. एका सकाळी चंद्रकला ढमढेरे धाप लागलेल्या सासूबाईंना घेऊन त्यांच्या दवाखान्यात आली. बाकं माणसांनी भरलेली आणि डॉक्टर मात्र आत मित्राशी गप्पांत रंगलेले. सासूबाईंचा श्वास आणखी चढला, तशी चंद्रकला सरळ दार ढकलून आत गेली.

“डॉक्टर, सासूबाईंना आधी बघा हो. त्यांना बसवत नाही.”

“बाई, जरा पेशन्स ठेवा!” डॉक्टर खेकसले. मग मित्राकडे बघून डोळे मिचकावत म्हणाले, “पेशन्स म्हणजे धीर आणि पेशंट्स म्हणजे रोगी, हा फरक यांना कुठला कळायला! दोन्ही सारखंच ऐकू येत असेल.”

“कळतो की,” चंद्रकला बाहेरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “पेशन्स आमच्याकडे आहे, म्हणून पेशंट्स तुमच्याकडे आहेत. आमचा संपला, की तुमचेही संपतील.”

बाहेर एकच हशा पिकला. दोघंतिघं तर जायला उठलेसुद्धा. मित्रालाही हसू आवरेना. डॉक्टर स्टेथोस्कोप उचलून बाहेर आले आणि सासूबाईंना स्वतः हात धरून आत घेऊन गेले.